न बोलणाऱ्याचे गहू

बोलणाऱ्याची मातीही विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे गहूही पडून राहतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. आजवर मी ती बाजाराविषयीची म्हण समजत होते. गेल्या हिवाळ्यापासून मात्र ती मला छंदाविषयीही खरी वाटू लागली आहे. कशी, ते सांगण्यासाठीच हा लेख.

मला पक्षी पाहण्याचा छंद आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात राहणाऱ्याला हा छंद लागणे मुळीच अवघड नाही. एका बाजूला येऊरचे जंगल, दुसऱ्या बाजूला ठाण्याची खाडी. डोंबिवलीजवळ उंबार्लीची टेकडी, कल्याणला गांधारीकडचा उल्हास नदीचा काठ. खाडीचा काही भाग 2015 साली रोहित पक्ष्यांसाठी अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि 2022 साली ठाणे खाडीला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आठवडाभर लोकलच्या गर्दीत चेंगरून निघालेला माणूस रविवारी पहाटे गळ्यात दुर्बीण अडकवून बाहेर पडतो, तेव्हा तो कारकून, शिक्षक, विद्यार्थी, गृहिणी यांपैकी कोणीही राहत नाही. तो केवळ पक्षिनिरीक्षक होतो. अशा माणसांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. सभासद दोनशेच्या वर. कुठे काय दिसले, कोणी कधी जमायचे, हे सारे तिथेच ठरते. आणि अलीकडे, काही मतभेद झाला की तिथेच 'पोल' टाकला जातो. 2022 च्या अखेरीस ही सोय व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि आमच्या सगळ्या वादांना जणू एक न्यायालय मिळाले.

गेल्या जानेवारीत एका बंद पडलेल्या दगडखाणीत शृंगी घुबडाचे घरटे असल्याचे आमच्यापैकी दोघा-तिघांना कळले. जागेचे नाव मी मुद्दामच देत नाही. घरटे म्हणजे काय, तर कपारीतली उघडी माती. हे घुबड काड्या-काटक्या गोळा करीत बसत नाही. माणूस जवळ गेला की पक्षी उठतो आणि अंडी किंवा पिल्ले उघडी पडतात. जागा ग्रुपवर सांगावी की सांगू नये, यावरून वाद सुरू झाला. एका शनिवारी रात्री अकराच्या सुमारास प्रश्न आला : "पक्षी सर्वांचे आहेत. मग त्यांची माहितीही सर्वांना मिळावी, असे आपल्याला वाटते का? होय / नाही." रविवारी दुपारी निकाल सांगण्यात आला. चाळीस-पंचेचाळीस मते पडली होती, त्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक 'होय'. संध्याकाळी जागेचा नकाशा ग्रुपवर आला. पुढच्या रविवारी खाणीच्या तोंडाशी मोटारसायकली उभ्या होत्या. त्यापुढच्या रविवारी कपार रिकामी होती.

इथपर्यंतची गोष्ट दुःखाची आहे. परंतु मला लिहायचे आहे ते त्यानंतरच्या एका वाक्याविषयी. कोणीतरी तक्रार केली, तेव्हा उत्तर आले, "ठाणे-डोंबिवली परिसरातील पक्षिप्रेमींनी बहुमताने घेतलेला हा निर्णय आहे." हे वाक्य वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले. मीही या परिसरातली पक्षिप्रेमी आहे. मग माझे मत कुठे गेले? खरे सांगायचे, तर ते कुठेच गेले नव्हते, कारण मी ते दिलेच नव्हते. प्रश्न मी वाचला होता, 'नाही' असे मनात म्हटले होते आणि फोन उशाशी ठेवून झोपले होते. सकाळी पाहिले, तर नामवंत मंडळींची नावे 'होय'च्या खाली ओळीने लागलेली. त्या पोलमध्ये कोणी कुठे बोट ठेवले, ते सर्वांना दिसते. ज्यांच्याकडून आपण खंड्या आणि धीवर यांतला फरक शिकलो, त्यांच्या विरुद्ध बोट ठेवायला धीर लागतो. तो मला झाला नाही.

तेव्हा या लेखात मी कोणावर ठपका ठेवीत असेन, तर त्यातला पहिला वाटा माझा आहे.

अशा मतचाचण्यांची बाजूही आधी नीट मांडली पाहिजे. त्या येण्यापूर्वी आमच्यात निर्णय कसे होत? चहाच्या टपरीवर तीन ज्येष्ठ मंडळी बसत आणि ठरवून टाकत. बाकीच्यांना ठरल्यावर कळे. पोलमध्ये निदान कालच आलेल्या मुलीला आणि तीस वर्षे पक्षी पाहणाऱ्या काकांना एकच मत असते. सभेत उभे राहून बोलायला जिची जीभ टाळ्याला चिकटते, तिला बोट ठेवण्याइतके सोपे काय आहे? खर्च नाही, वेळ नाही, सभागृहाचे भाडे नाही. 'येत्या रविवारी येऊर की खाडी?' यासारख्या प्रश्नाला याहून चांगला मार्ग मला तरी सुचत नाही. जे येणार आहेत, तेच मत देतात आणि जे मत देतात, तेच येतात. तिथे प्रतिनिधित्वाचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रश्न उद्भवतो तो 'आम्ही चाळीस जण' या शब्दांच्या जागी 'पक्षिप्रेमी' हा शब्द येतो तेव्हा. चाळीस माणसांचे मत ही खरी गोष्ट आहे. ती कोणी नाकारू नये. परंतु त्या चाळिसांना सर्वांच्या नावाने बोलण्याचा अधिकार कोणी दिला?

गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर पक्षिनिरीक्षकांइतके दुसऱ्या कोणालाही चांगले ठाऊक नाही. मोजणी म्हणजे काय, हे तर आमचे रोजचे काम. दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना होते. आपल्या उपखंडात ती 1987 पासून चालू आहे. 'ई-बर्ड'वर नोंद करताना किती वेळ पाहिले, किती अंतर चाललात, बरोबर किती जण होते आणि ओळखलेले सगळेच पक्षी लिहिलेत की निवडक, हे विचारले जाते. कशासाठी? कारण 'पन्नास दिसले' या वाक्याला एकट्याने काही अर्थ नसतो. किती वेळात, कुठून आणि कोणाला दिसले, हे कळल्यावरच त्या पन्नासाला अर्थ येतो.

खाडीचेच उदाहरण घेऊ. ओहोटीच्या वेळी चिखल उघडा पडतो आणि रोहित पक्षी तिथे चरायला उतरतात. भरती आली, चिखल पाण्याखाली गेला की ते उठून भोवतालच्या पाणथळींवर जाऊन बसतात. भरतीच्या वेळी काठावर उभा राहून एखाद्याने "खाडीत रोहित फारसे नाहीत" असे लिहिले, तर आम्ही त्याला हसू. पक्षी होते, तू चुकीच्या वेळी पाहिलेस, असे म्हणू. मग शनिवारी रात्री अकराला विचारून रविवारी दुपारी बंद केलेल्या प्रश्नाचे काय? त्या वेळात कोणी रात्रपाळीला होते, कोणी पहाटेच रानात गेले होते आणि तिथे फोनला रेंज नव्हती, कोणाच्या घरी पाहुणे होते. आमची माणसेही भरती-ओहोटीप्रमाणेच येतात-जातात. आम्ही भरती पाहिली आणि खाडी रिकामी आहे, असे लिहून मोकळे झालो.

दुसरी गोष्ट दिसण्याची. भारद्वाज झुडपातून घुमला की सगळ्या वस्तीला कळते. वेडा राघू तारेवर बसून सगळ्यांच्या नजरेत भरतो. परंतु रातवा दिवसभर पाचोळ्यात पाचोळा होऊन बसतो. पाऊल पडेपर्यंत दिसत नाही. यादीत भारद्वाज दहा आणि रातवा एकही नाही, म्हणून जाणता निरीक्षक रातवा नाही असे म्हणत नाही. दिसला नाही असे म्हणतो. 'नाही' आणि 'दिसला नाही' यांतला फरक हाच आमच्या छंदाचा पहिला धडा. पक्ष्यांच्या बाबतीत तो आम्ही पाठ केला आणि माणसांच्या बाबतीत विसरलो. ग्रुपवर दिवसाकाठी वीस संदेश टाकणारे भारद्वाज मतही देतात. आमच्यातले रातवे मत देत नाहीत. ते आहेत मात्र पुष्कळ.

आणि तिसरी गोष्ट, ग्रुपबाहेरच्यांची. ते घरटे प्रथम पाहिले कोणी? खाणीजवळच्या पाड्यावरच्या, गुरे घेऊन जाणाऱ्या एका मुलाने. त्याला घुबडाचे इंग्रजी नाव माहीत नाही. परंतु ते केव्हा उडते, कुठे बसते, पिल्ले कधी बाहेर येतात, हे त्याला आम्हा सर्वांहून चांगले ठाऊक. तो आमच्या ग्रुपमध्ये नाही. तीस वर्षे वहीत शाईने नोंदी ठेवणारे एक काका आहेत. त्यांचा फोन साधा, फक्त बोलण्यापुरता. तेही ग्रुपमध्ये नाहीत. मी त्यांना भेटून सगळे सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "अगं, मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं, पिल्लं उडेपर्यंत थांबा म्हणून."

मी म्हटले, "काका, पोल ग्रुपवर होता, तुम्ही ग्रुपवर नाही."

"मग पक्षिप्रेमींनी ठरवलं असं कशाला म्हणता? ग्रुपनं ठरवलं म्हणा की!"

एवढ्या साध्या शब्दांत ही गोष्ट मला कोणत्याही पुस्तकाने सांगितली नसती.

संख्या मोठी असली की हा दोष जातो, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटत असे. त्यावर अमेरिकेतील 1936 सालच्या अध्यक्षीय निवडणुकीचे उदाहरण आमच्या सरांनी सांगितले. 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने सुमारे 1 कोटी लोकांना मतपत्रिका टपालाने पाठवल्या. 20 लाखांहून अधिक परत आल्या. एवढ्या मतांवर विसंबून साप्ताहिकाने भाकीत केले की लँडन जिंकणार. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांना 60 टक्क्यांहून अधिक मते पडली आणि 48 पैकी 46 राज्ये त्यांनी जिंकली. कारण काय? नावे घेतली होती टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात टेलिफोन आणि मोटार कोणाकडे होती, हे सांगायला नको. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेतली ती मुख्यतः रूझवेल्ट यांच्यावर नाराज असलेल्यांनी. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी कितीतरी कमी, परंतु बेताने निवडलेल्या लोकांना विचारून निकाल बरोबर सांगितला. दोन वर्षांत ते साप्ताहिक बंद पडले. तात्पर्य, भाताची परीक्षा शितावरून होते हे खरे; पण शीत ढवळलेल्या भातातून काढलेले हवे. वरच्या थरातली वाटीभर शिते तपासली, तरी खाली करपलेला भात कळत नाही.

आपल्या छंदाच्या जवळचे आणखी एक उदाहरण 2020 सालचे. देशाचे राष्ट्रीय फुलपाखरू कोणते असावे, यासाठी त्या वर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ऑनलाइन मतदान झाले. जाणकारांनी आधी सात फुलपाखरे निवडली, मग लोकांना विचारले. सुमारे 60 हजार मते पडली आणि कृष्णा पीकॉक, कॉमन जेझेबेल आणि ऑरेंज ओकलीफ ही तीन पुढे आली. यांतले कॉमन जेझेबेल म्हणजे आपले हळदीकुंकू : पंखांच्या खालच्या बाजूस पिवळा रंग आणि कडेला लाल ठिपके. आपल्या आंब्यावरच्या बांडगुळावर त्याच्या अळ्या वाढतात. ठाण्यात ओवळ्याच्या फुलपाखरू उद्यानात जाणाऱ्याला ते नवे नाही. कृष्णा पीकॉक मात्र हिमालयातले. आपल्याकडच्या बहुतेकांनी ते चित्रातच पाहिलेले. आता ही 60 हजार मते फुलपाखरू-निरीक्षकांची होती का? काही असतील, पुष्कळशी नसतील. ज्याला चित्र आवडले, त्याने मत दिले. ते अयोग्य होते असे मला मुळीच वाटत नाही, कारण प्रश्नच आवडीचा होता आणि शेवटची निवड सरकारने करायची होती. लोकांना फुलपाखरांची गोडी लागावी हा मतदानाचा एक हेतू होता आणि तो साधला. परंतु त्याच मतांवरून 'देशातल्या फुलपाखरू-निरीक्षकांचे मत असे आहे' असे कोणी लिहिले असते, तर ते खोटे ठरले असते. मते तीच, पण नाव बदलले की खऱ्याचे खोटे होते.

इथे कोणी म्हणेल, की सगळ्यांना विचारले असते, तरी 'होय'च आले असते तर? तर ते 'होय' छंदिष्टांचे खरे मत ठरले असते. पण तरीही घरट्यावर गर्दी करण्याचा परवाना ठरला नसता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांच्या अंड्यांना आणि घरट्यांना उपद्रव देणे धरले आहे. काही प्रश्न बहुमताचे नसतातच. ज्याच्या अंगावर निर्णय कोसळणार, त्याला मत नसेल, तर मत असणाऱ्यांनी अधिक जपून वागावे, एवढा विवेक कोणत्याही छंदात हवा. कोकणात देवळात कौल लावतात. तिथेही गुरव कोणता प्रश्न देवाला घालावा आणि कोणता घालू नये, याचा विचार करतो. आपण मात्र पोल फुकट आहे म्हणून वाटेल ते विचारतो. आणि विचारतो तेही कसे? "पक्षी सर्वांचे आहेत" अशी सुरुवात केल्यावर 'नाही' म्हणणारा माणूस आपमतलबी ठरणारच. त्याऐवजी "पिल्ले उडेपर्यंत घरट्याची जागा गुप्त ठेवावी का?" असे विचारले असते, तर त्याच चाळिसांनी कदाचित उलट कौल दिला असता.

मार्चमध्ये आम्ही चौघींनी एक लहानसा प्रयोग केला. ग्रुपमधल्या सर्व सभासदांच्या नावांच्या चिठ्ठ्या केल्या, एका पातेल्यात घातल्या आणि वीस काढल्या. त्या वीस जणांना प्रत्येकीने पाच-पाच फोन केले. कोणी पहिल्यांदा उचलला नाही, तर पुन्हा केला, तिसऱ्यांदाही केला. विचारले एवढेच, की विणीच्या हंगामात घरट्यांच्या जागा ग्रुपवर टाकाव्यात की टाकू नयेत. बहुतेकांनी टाकू नयेत असे सांगितले. त्याहून मनात राहिले ते दुसरेच. कित्येक जण म्हणाले, "अहो, तो पोल आम्ही पाहिला होता, पण आमच्या मताने काय फरक पडणार?" माझ्याप्रमाणेच तेही उशाशी फोन ठेवून झोपले होते. न बोलणाऱ्याचे गहू घरोघरी पडून होते. कोणी विचारायलाच आले नव्हते आणि आम्हीही ते बाजारात नेले नव्हते.

वीस हा आकडा लहान आहे, हे मला कबूल आहे. त्यावरून मी काही सिद्ध केले, असा माझा दावा नाही. शिवाय पाड्यावरचा मुलगा आणि वहीवाले काका आमच्या पातेल्यातही नव्हतेच. त्या दोघांना आम्ही जाऊन विचारले. मुलगा पहिल्यांदा हसला. मग म्हणाला, "तुम्ही येता तेव्हा ते उडतं. आम्ही जातो तेव्हा नाही उडत." मतमोजणीत हे वाक्य कोणत्या रकान्यात घालायचे, हे मला अजून कळलेले नाही.

आता ग्रुपमध्ये आम्ही काही साधे नियम सुचवले आहेत. प्रश्न निदान आठवडाभर खुला ठेवावा. निकाल सांगताना दोनशेपैकी किती जणांनी मत दिले, हेही त्याच ओळीत लिहावे. प्रश्नाचा मसुदा दोन्ही बाजूंच्या माणसांना आधी दाखवावा. महत्त्वाच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकून काही जणांना प्रत्यक्ष विचारावे आणि ग्रुपबाहेरच्या जाणत्यांकडे कोणीतरी स्वतः जावे. आणि काही झाले, तरी 'पक्षिप्रेमींचे मत' हे शब्द वापरू नयेत. 'ग्रुपमधल्या इतक्या जणांचे मत' असे लिहावे. हे नियम मान्य होतील की नाही, ते ठाऊक नाही. त्यावरही पोल घ्यावा, अशी एक सूचना आली आहे!

आपल्या महाविद्यालयातही अशा चाचण्या काही कमी होत नाहीत. स्नेहसंमेलनात कोणते नाटक करावे, सहल कुठे न्यावी, वाङ्मय मंडळाचा कार्यक्रम कधी ठेवावा, सारे फोनवर ठरते आणि 'विद्यार्थ्यांची इच्छा' म्हणून सरांच्या टेबलावर जाते. कसारा-कर्जतहून येणारा, पाच वाजताच्या लोकलसाठी धावणारा विद्यार्थी त्या इच्छेत आहे का, हे एकदा विचारून पाहावे. आणि जो त्यात नाही, त्यानेही आपण का नव्हतो, हे स्वतःला विचारावे.

या हिवाळ्यात त्या कपारीत घुबड पुन्हा आले, तर ते आम्हाला कळेलच असे नाही. पाड्यावरच्या मुलाला कळेल. तो सांगेल की नाही, हे त्याच्या मतावर आहे. आणि या वेळी त्याचे मत मोजायला आम्ही तयार आहोत.